घटक ६ : कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियमन आणि श्रमिकांचे हक्क

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास कामाच्या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्ता कोणत्या प्रकारची सत्ता गाजवते हे सांगता येईल; त्या सत्तेवर कायद्याने बंधन घालण्याच्या निरनिराळ्या मार्गांची तुलना करता येईल; आणि एखादा कायदा मंजूर होत असताना त्यातील कोणती तरतूद टिकते व कोणती गळते, याची राजकीय कारणमीमांसा करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कामगार हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यंत्रे माणसांच्या नोकऱ्या घालवतील का? प्रश्न रास्तच आहे. परंतु त्यावरील चर्चा बहुधा भाकितांपाशी येऊन थांबते. या घटकात आपण आजच उत्तर मागणारा दुसरा प्रश्न हाती घेणार आहोत. ज्यांची नोकरी गेलेली नाही, उलट यंत्राच्या मार्फतच ज्यांना काम मिळते, त्यांच्यावर हुकमत कोणाची? काम कोणाला द्यायचे, मोबदला किती द्यायचा, उद्यापासून कोणाला कामच द्यायचे नाही, हे निर्णय मोबाइलमधील एक प्रणाली घेत असेल, तर दाद कोणाकडे मागायची?

तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराची नोकरी आटोपून रात्री हे पुस्तक उघडत असाल. काहीजण स्वतः घरपोच जेवण पोहोचवण्याचे किंवा टॅक्सी चालवण्याचे काम करत असाल. त्यांनी या घटकातील प्रत्येक विधान स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहावे, आणि जेथे मेळ बसणार नाही तेथे समासात खूण करावी.

प्रथम एक संज्ञा स्पष्ट करू. दिलेल्या माहितीवरून ठरावीक पायऱ्यांनी निर्णयापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीस 'अल्गोरिदम' म्हणतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणालींत या पायऱ्या संपूर्णपणे माणसाने लिहिलेल्या नसतात. पूर्वीच्या असंख्य नोंदींवरून प्रणाली त्या स्वतः बसवते. भरती, कामवाटप, देखरेख, मूल्यमापन, शिक्षा आणि बडतर्फी ही व्यवस्थापनाची कामे अशा प्रणालीकडे सोपवली गेली की त्यास 'अल्गोरिदमिक व्यवस्थापन' असे म्हटले जाते.

६.३ मुकादमापासून अल्गोरिदमपर्यंत

मुंबईच्या कापड गिरण्यांत मालक आणि कामगार यांच्यामध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, उभा असे. कामगार भरणे, त्याला साचा नेमून देणे, नाराजी झाल्यास काढून टाकणे हे सारे त्याच्या हाती होते, आणि त्यासाठी तो 'दस्तुरी' उकळत असे. कायम नोकरी नसलेले 'बदली' कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे जॉबरच्या नजरेवर ठरे. आज ॲप सुरू करून ऑर्डरची वाट पाहणारा कामगार आणि गिरणीच्या दारातील बदली कामगार यांच्या स्थितीत फारसे अंतर नाही. दोघांचाही थांबण्याचा वेळ हिशेबात धरला जात नाही.

येथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. जॉबर जुलमी होता, आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारींनी त्या काळच्या चौकशी अहवालांची पाने भरली आहेत. तरीही त्याच्या सत्तेला एक मर्यादा होती. तो त्याच वस्तीत राहत असे. त्याला चाळीत गाठता येई, चारचौघांत जाब विचारता येई, गावकीची भीड घालता येई. त्याच्याशी भांडताही येई. अल्गोरिदमला चाळ नाही. त्याची सत्ता जॉबरइतकीच, किंबहुना अधिक आहे. पण ती कोणत्या कारणाने चालली हे ज्याच्यावर चालली त्यालाच कळत नाही.

दुसरा दाखला १९२८ सालच्या सार्वत्रिक संपाचा. मालकांनी 'कार्यक्षमता' या नावाखाली विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू पाहाव्यात, अशी योजना आणली. त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर या काळात संपावर राहिले. मागाला कामगारांचा विरोध नव्हता. वाढलेल्या उत्पादनाचा लाभ कोणाला आणि कमी झालेल्या माणसांचे काय, हा वाद होता. तंत्रज्ञानाविषयीचे बहुतेक श्रमिक लढे नीट तपासले तर याच ठिकाणी येऊन पोहोचतात. म्हणून अशा लढ्यांना सरसकट 'प्रगतीविरोधी' ठरवणाऱ्या वर्णनांकडे अभ्यासकाने सावधपणे पाहिले पाहिजे.

त्याच संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एक गैरसोयीचा प्रश्न उभा केला. अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेशच नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. ही बंदी जितकी मालकांची होती तितकीच सवर्ण सहकामगारांचीही होती. आता एक कल्पना करून पाहा. त्या काळच्या गिरण्यांच्या नोंदी एखाद्या प्रणालीला शिकवण्यासाठी दिल्या आणि 'चांगला विणकर कोण ठरेल ते सांग' असे विचारले, तर ती काय सांगेल? अस्पृश्य वस्तीतून आलेला एकही विणकर त्या नोंदींत नसल्याने ती अशा उमेदवाराला खालचे गुण देईल. जात हा शब्द तिला माहीतही असण्याची गरज नाही. आडनाव, पत्ता, पूर्वीचे खाते एवढे पुरेसे आहे. प्रणाली जुना भेदभाव शिकते आणि आकड्यांच्या रूपात परत करते. आकड्याशी वाद घालणे मात्र माणसाशी वाद घालण्यापेक्षा अवघड असते.

६.४ न्यायालयांनी काय पाहिले?

इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी डिलिव्हरू या कंपनीच्या संदर्भात एक निर्णय दिला. कंपनीची प्रणाली प्रत्येक कामगाराला विश्वासार्हतेचे गुण देई. नोंदवलेल्या पाळीला कामगार आला नाही आणि त्याने वेळेत पाळी रद्दही केली नाही, की गुण घसरत. आणि गुण घसरले की चांगल्या पाळ्या निवडण्याची संधी मागे पडे. कामगार आजारी होता, संपावर होता की केवळ आळसावला होता, याचा फरक प्रणाली करत नव्हती. कंपनीच्या दृष्टीने ही समान वागणूक होती. न्यायालयाने तिलाच भेदभाव ठरवले. संपाचा हक्क कायद्याने दिलेला असताना तो वापरणाऱ्याला न वापरणाऱ्या निष्काळजी माणसाच्या पंक्तीत बसवणे म्हणजे तो हक्क काढून घेणेच होय, हा या निर्णयाचा गाभा आहे. सर्वांना एकच माप लावणे म्हणजे न्याय नव्हे, हे सूत्र आपण समतेच्या घटकात अभ्यासले आहे. येथे त्याचा प्रत्यक्ष विनियोग दिसतो.

ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने ४ एप्रिल २०२३ रोजी दिलेले निर्णयही महत्त्वाचे आहेत. उबर आणि ओला या कंपन्यांच्या काही चालकांनी आपल्याविषयीचे निर्णय कसे घेतले गेले याची माहिती मागितली होती. यातील ओला ही भारतीय कंपनी आहे, याची नोंद घ्यावी. फसवणुकीच्या संशयावरून काही उबर चालकांची खाती बंद करण्यात आली होती, आणि कंपनीचे म्हणणे होते की अंतिम निर्णय माणसांनीच घेतला. न्यायालयाला तो मानवी सहभाग जवळजवळ केवळ प्रतीकात्मक वाटला. युरोपच्या विदासंरक्षण नियमानुसार व्यक्तीवर गंभीर परिणाम करणारा निर्णय पूर्णतः यंत्राने घेतला असल्यास तिला त्यामागील तर्क जाणून घेण्याचा अधिकार आहे. म्हणजेच, यंत्राच्या निर्णयावर माणसाने शिक्का मारला एवढ्याने तो निर्णय माणसाचा होत नाही. सरकारी कचेरीत न वाचता झालेल्या सह्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
बोलोन्या येथील प्रकरणात प्रणालीने कोणता फरक करावयास हवा होता? तो न केल्याने कोणत्या हक्काचा संकोच झाला? चार ते पाच वाक्यांत लिहा.

६.५ एका निदेशाचा प्रवास

न्यायालयात एका चालकाला न्याय मिळतो. नियम सर्वांसाठी होण्यास कायदा लागतो, आणि कायद्याला बहुमत. युरोपीय संघाच्या प्लॅटफॉर्म-कामाविषयीच्या निदेशाची कथा यासाठी बारकाईने वाचण्याजोगी आहे.

युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रस्ताव मांडला. संघात सुमारे २ कोटी ८० लाख लोक प्लॅटफॉर्ममार्फत काम करतात आणि त्यांतील सुमारे ५५ लाख लोकांना चुकीने 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हटले जात असावे, असा आयोगाचा अंदाज होता. स्वतंत्र व्यावसायिक ठरले की किमान वेतन नाही, भरपगारी रजा नाही, अपघाताची जबाबदारी नाही. म्हणून आयोगाने पाच निकष सुचवले. मोबदला कंपनी ठरवते का, कामावर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवते का, अशा निकषांपैकी दोन पूर्ण झाले की ती व्यक्ती कर्मचारी आहे असे गृहीत धरायचे, आणि ती तशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकायची. पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात सारे राजकारण त्याच्याभोवतीच फिरले.

संघाच्या मंत्रिपरिषदेत निर्णयासाठी किमान १५ राष्ट्रे आणि लोकसंख्येचा ६५ टक्के हिस्सा पाठीशी लागतो. उलटपक्षी, निर्णय रोखण्यासाठी ३५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या असलेली किमान चार राष्ट्रे एकत्र यावी लागतात. आणि तटस्थ राहणे हे विरोधात मत देण्यासारखेच ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये झालेली तडजोड परिषदेने स्वीकारली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा मसुदा आला. तेव्हाही फ्रान्स, जर्मनी, ग्रीस आणि एस्टोनिया यांनी पाठिंबा दिला नाही. जर्मनीच्या आघाडी सरकारात फ्री डेमोक्रॅटिक पक्षाचा या निदेशाला विरोध होता, त्यामुळे एवढे मोठे राष्ट्र तटस्थ राहिले. अखेर ११ मार्च २०२४ रोजी ग्रीस आणि एस्टोनिया यांनी भूमिका बदलली. फ्रान्स आणि जर्मनी कितीही मोठे असले तरी ते दोघेच उरले, आणि चार राष्ट्रांची अट पूर्ण होईना. ऑक्टोबर २०२४ मध्ये निदेशाला अंतिम मान्यता मिळाली. सदस्य राष्ट्रांनी २ डिसेंबर २०२६ पर्यंत तो आपापल्या कायद्यात उतरवायचा आहे.

या प्रवासात काय गळाले? ते पाच निकष. गृहीतकाचे तत्त्व शिल्लक राहिले, पण ते कसे लागू करायचे हे प्रत्येक राष्ट्राच्या कायद्यावर सोडण्यात आले. आणि काय टिकले? अल्गोरिदमविषयीचे प्रकरण. कामगाराची मानसिक वा भावनिक अवस्था, त्याची खाजगी संभाषणे, काम करत नसतानाची माहिती यांवर प्रणालीने प्रक्रिया करू नये. खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा. निर्णयाचे स्पष्टीकरण मागण्याचा आणि फेरविचाराचा हक्क असावा, अशा तरतुदी त्यात आहेत. विशेष म्हणजे त्यांतील बऱ्याचशा तरतुदी कर्मचारी नसलेल्या, खरोखरच स्वतंत्र असलेल्या कामगारांनाही लागू होतात.

पहिला भाग पातळ झाला आणि दुसरा टिकला, हे योगायोगाने घडले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. दर्जा देणे म्हणजे पैसा देणे : वेतन, विमा, रजा. स्पष्टीकरण देण्यास त्या मानाने कमी खर्च येतो. नियमनाच्या राजकारणात पारदर्शकतेवर एकमत लवकर होते, वाटपावर होत नाही. पारदर्शकता निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. बडतर्फीचे कारण कळल्याशिवाय लढाच सुरू होत नाही. परंतु कारण कळणे आणि काम परत मिळणे यांत अंतर आहे.

वाटपाचा प्रश्न आला की खर्चही कसा केला जातो, हे अमेरिकेत दिसले. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२० मध्ये 'प्रस्ताव २२' वर सार्वमत झाले. चालकांना कर्मचारी न मानता स्वतंत्रच ठेवावे, यासाठी कंपन्यांनी प्रचारावर २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, आणि प्रस्ताव मंजूर झाला. केवळ पैशाने तो जिंकला असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. हवे तेव्हा काम करण्याची मुभा अनेक चालकांना खरोखरच मोलाची वाटते. श्रमिकांचे हित एकजिनसी नसते, हे विसरून केलेले विश्लेषण फसते.

याला समांतर असा युरोपचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला. कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. भरती आणि बढतीसाठीच्या प्रणाली 'उच्च जोखमीच्या' मानल्या आहेत. परंतु त्यांच्यावरील बंधने पुढे ढकलण्याचा प्रस्ताव आयोगानेच नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला. कायदा मंजूर झाल्यानंतरही राजकारण थांबत नाही. ते तारखांमध्ये शिरते.

६.६ माथाडी मंडळाचा धागा

आता आपल्या देशाकडे वळू. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारापुढे गिग कामगारासारखाच पेच होता : मालक कोण? सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. या कायद्याने मालक शोधण्याचा प्रश्न बाजूला ठेवून पैशाचा मार्ग बांधून दिला. व्यापारी आणि कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंदणी. मजुरी मंडळात जमा. तिच्यावर वेगळी लेव्ही. आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस यांची तरतूद. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी.

जुलै २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने देशातील पहिला प्लॅटफॉर्म गिग कामगार कायदा मंजूर केला, तेव्हा त्याची रचना याच वळणाची होती : कामगारांची नोंदणी, त्रिपक्षीय मंडळ, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क. त्याच वर्षी डिसेंबरात तेथे सत्तांतर झाले आणि अंमलबजावणी रेंगाळली. कर्नाटकाने २०२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के शुल्काबरोबरच, काम थांबवण्यापूर्वी १४ दिवसांची सूचना आणि स्वयंचलित प्रणालींविषयी माहिती मिळण्याचा हक्क त्या कायद्यात आहे.

तरीही माथाडी कायद्याशी असलेला एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा. माथाडी मंडळातून मजुरीच फिरते, त्यामुळे दर हा वाटाघाटीचा विषय राहतो. गिग कायद्यांत मात्र मजुरी ॲप ठरवणार आणि मंडळ केवळ शुल्कातून कल्याण करणार. आजारपणात मदत मिळेल, पण काल ४० रुपयांची असलेली फेरी आज ३० रुपयांची का झाली (हे आकडे उदाहरणादाखल आहेत), याचे उत्तर मंडळ देऊ शकत नाही.

केंद्रीय पातळीवर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांची प्रथमच व्याख्या केली, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे, मात्र ते कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असू नये, असे ठरवले. ही संहिता इतर तीन श्रमसंहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. येथे एक विसंगती दिसते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ नुसार, कामगारकपात होण्याचा संभव असलेली तांत्रिक सुधारणा करण्यापूर्वी मालकाला सूचना द्यावी लागे आणि २१ दिवस बदल करता येत नसे. बदलाच्या सूचनेची तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. परंतु तिचा लाभ 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यालाच. ज्याच्या कामाचे नियम रात्रीतून बदलतात, तो गिग कामगार त्या व्याख्येबाहेर राहतो.

६.७ कराराचा मार्ग

कायद्याची वाट न पाहताही नियम घडतात. अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांच्या संघटनेने २०२३ मध्ये २ मेपासून १४८ दिवस संप केला. त्यानंतरच्या करारानुसार, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर 'साहित्यिक लेखन' मानला जात नाही. लेखकावर अशा साधनाची सक्ती करता येत नाही. आणि लेखकाला दिलेला मजकूर यंत्रनिर्मित असल्यास तसे सांगावे लागते. साधनावर बंदी घालण्याऐवजी त्याच्या वापराचा निर्णय लेखकाकडे ठेवला गेला. भारतात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली भारतीय बँक संघाशी संगणकीकरणाविषयी केलेला करार याच परंपरेतला. मात्र दोन्ही ठिकाणी संघटना आधीपासून उभी होती आणि मालक समोर बसलेला होता. कामगार शहरभर विखुरलेले, परस्परांस अनोळखी आणि एकाच ऑर्डरसाठी स्पर्धेत असतात, तेथे हा मार्ग कितपत चालेल, हा प्रश्न परीक्षेच्या उत्तरातही खुला ठेवण्यास हरकत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
अ) 'नियमनाच्या राजकारणात पारदर्शकतेवर एकमत लवकर होते, वाटपावर होत नाही.' युरोपीय निदेशाच्या आधारे या विधानाची चिकित्सा करा. लेखकाशी असहमत असल्यास आपली कारणे द्या.
आ) माथाडी कायदा आणि राजस्थानचा २०२३ चा कायदा यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
इ) मंत्रिपरिषदेत तटस्थ राहणे विरोधासारखे का ठरते?

६.८ उपक्रम

आपल्या परिसरात ॲपद्वारे काम करणाऱ्या एका व्यक्तीची, तिच्या सवडीने व संमतीने, मुलाखत घ्या. मागील महिन्यात मोबदल्याचा दर बदलला का, बदलाची सूचना कशी मिळाली, तक्रार केल्यास उत्तर माणूस देतो की यंत्र, नकार दिलेल्या कामाचा पुढील कामावर परिणाम जाणवतो का, आणि खाते बंद झाल्यास काय करावे हे तिला माहीत आहे का, एवढे विचारा. व्यक्तीचे व कंपनीचे नाव न लिहिता तीनशे शब्दांत टिपण तयार करा. त्यातील कोणत्या तक्रारीस या घटकातील कोणता कायदा लागू पडेल आणि कोणतीस एकही पडणार नाही, ते शेवटच्या परिच्छेदात नमूद करून टिपण पुढील संपर्कसत्रास सोबत आणा.